ट्रॉलीतली आगबोट

बाई, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज मी तुमच्या आगबोटीबद्दल लिहायला बसले आहे. तुमची म्हणते, कारण इंदापूर तालुक्यातल्या आमच्या त्या शाळेत समुद्र पाहिलेलं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं. तुम्ही मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला बारामतीत. रोज एसटीनं यायचात आणि आल्या आल्या पदर खोचून फळ्याकडं वळायचात. इतिहासात एक शब्द इकडचा तिकडं झालेला तुम्हाला खपत नसे. उत्तरात कुणी 'बहुतेक' म्हटलं की लगेच, "भाजीत मीठही बहुतेकच घालतेस का गं?" आमची दातखीळ बसलीच. मी नववीत असताना संमेलनासाठी बाकीचे वर्ग सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसवत होते, आणि तुम्ही आम्हाला दिलंत नाटक, तेही पहिल्यावहिल्या मालवाहू आगबोटींपैकी एकीचं. विलायतेत बांधलेली, अर्धी शिडांवर आणि अर्धी वाफेवर चालणारी. मुंबईहून कापसाचे गठ्ठे न्यायची, येताना गिरण्यांची यंत्रं आणायची. एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी निघाली, ती पुढच्या बंदराला लागलीच नाही. ना फळी सापडली ना माणूस. एवढाच इतिहास. घरी सांगितलं तर तात्या, म्हणजे माझे वडील, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आगबोट म्हंजी पेटल्याली बोट व्हय? मग ती बुडंल न्हाय तर काय व्हईल!" मी हसून लोळले. माळेगावच्या साखर कारखान्यात बॉयलर असतो ना, तशी भट्टी तिच्या पोटात असते, असं समजावलं, तेव्हा म्हणाले, "मग तसं म्हण की."

बोट केली आपण ऊस वाहायच्या ट्रॉलीची. बाजूंना पुठ्ठे, मधोमध डांबराच्या पिंपाचं धुराडं आणि त्यात ओलं पाचट. धुरानं हेडसर खोकून बेजार. भोंग्यासाठी मागं स्टोव्हवर कुकर ठेवलेला, आणि तो कुकर तालमीत कधीच वेळेवर वाजला नाही. समुद्र म्हणजे तुमच्या दोन निळ्या साड्या. चौघी मुलींनी त्या हळूहळू वर उचलायच्या आणि आम्ही खाली बसत बसत दिसेनासं व्हायचं. मी कप्तान, कारण माझा आवाज मोठा. सगळं कसं छान जुळलं होतं! फक्त एक गोष्ट आपल्या दोघींच्याही ध्यानात आली नाही. आमचं गाव पुनर्वसनाचं. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे, आम्हाला समजच नव्या गावठाणात आलेली. तात्या तर त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. आणि आपण त्याच माणसांना पुढं बसवून पाणी वर चढवायला घेतलं.

साड्या माझ्या गुडघ्यापर्यंत येतात, कमरेपर्यंत येतात, आणि तात्या उठून उभे राहतात. माझे तात्या, जे ग्रामसभेतसुद्धा कधी तोंड उघडत नाहीत. "बास! पानी खाली घ्या. पोरं हायत तितं!" कुणी हसत नाही. मागून बायका म्हणतात, "खरंच, बुडवू नगा गं बाय." साड्या धरलेल्या मुली रडकुंडीला आलेल्या, आणि विंगेतून तुमचा दबका आवाज, "वर! पाणी वर घ्या!" मी तात्यांकडं बघते आणि माझ्या तोंडून निघून जातं, "तात्या, बोट गेली, पण मानसं निघाली! समदी निघाली!" मी ट्रॉलीतून उडी मारते, माझ्यामागं सगळे खलाशी धपाधप उड्या मारतात, टाळ्या पडतात, आणि नेमका तेव्हा कुकर शिट्टी देतो.

त्या दिवशी घरी जाताना तात्या पहिल्यांदा जुन्या गावाबद्दल बोलले. आड कुठं होता, गोठा कुठं होता, चिंचेखाली कोण बसायचं. थांबेचनात. आई नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूमबाहेर उभं केलंत. "माणसं निघाली, हे कुणी सांगितलं तुला? पुरावा काय?" मी म्हटलं, तात्यांना वाईट वाटत होतं. "वाईट वाटतं म्हणून इतिहास बदलत नसतो." तुमचे डोळे लाल होते. मला वाटलं, नाटकाची माती झाली म्हणून असतील. तेवढ्यात तात्याच आले, टोपी हातात धरून. "बाई, पोरगी म्हंती मानसं निघाली. तुमी खोटं बोलत न्हाय म्हनून आलो. खरंच निघाली का?" तुम्ही खरं सांगणार आणि तात्या पुन्हा कुलूप लावल्यासारखे गप्प होणार, दुसरं काय!

तुम्ही खोचलेला पदर सोडलात. मग म्हणालात, "तात्या, त्यांना बुडताना कुणी पाहिलं नाही. एवढंच मला सांगता येईल." आणि खालच्या आवाजात, "माझे पणजोबा होते त्या बोटीवर. भट्टीत कोळसा टाकायचे. पणजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. कुणी काही बोललं की म्हणायची, तुम्ही पाहिलंत का?"

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "बरं केलं माऊलीनं," म्हणाले आणि पायरीवर बसले. तुम्ही चहा मागवलात आणि त्यांच्याशेजारी तिथंच टेकलात. तुम्ही समुद्राचं सांगत होतात, ते गावाचं. मी मात्र बाहेर तशीच उभी. शिक्षा संपली की नाही, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही! पण बाई, त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणारे तात्या आले ते आलेच, आणि ते देणं तुमचं.

आता मी बारामतीत इतिहास शिकवते. तात्या थकलेत, पण मजेत आहेत, नातवंडांना आगबोटीची गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत तुमचे पणजोबा सगळ्यांना ओढून किनाऱ्याला लावतात आणि तिथं कुणीतरी गरम भाकरी वाढतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हेच बरं. कारण परवा माझ्या लेकानं तात्यांना विचारलं, "आजोबा, हे खरंय?" तात्यांनी माझ्याकडं बोट केलं, "तुज्या आईला इचार. ती हाय इतिहासाची बाई." सगळे माझ्याकडं बघायला लागले. 'त्यांना बुडताना कुणी पाहिलं नाही,' हे तुमचं वाक्य मला तोंडपाठ आहे, बाई. अगदी जिभेवर आलं होतं.

मी 'व्हय' म्हणाले.