चिंचेने घासलेला दगड

गिरीज (वसई), मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या जुन्या, खनिजं शोधणाऱ्या ऑफिसातल्या एका नव्या मुलीचा फोन आला. राजस्थानात तीन हिवाळे मी ज्या गारगोटीच्या शिरेमागे फिरलो, तिची फाइल पुन्हा उघडलीय म्हणे. तांबं-जस्त होतं, पण बोअर मारल्यावर खाली शीर बोटभर जाडीचीच निघाली, म्हणून तेव्हा काम बंद झालं. "सर, वरच्या दगडावर हिरवा डाग होता का? फोटो आहे?"

होता की. खाली तांबं असल्याची खूण तीच. तो दगडच घरी आणला होता. बायकोला, सुमनला वाटलं, तांब्याच्या कळशीवर चढतं तसं हिरवं चढलंय. चिंच लावून लख्ख घासला तिनं. केवढा ओरडलो मी! एका डागासाठी?

"अहो, दगड तुमचा तुम्हाला ठेवलाय, मळ तेवढा काढला," म्हणाली. मग तो खिडकीत नेऊन ठेवला.

आता खिडकीतला तो दगड पाहिला. इथल्या खाऱ्या हवेनं कडेला पुन्हा हिरवं धरलंय. सुमनला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही त्याला. मीसुद्धा.

फोटो काढून पाठवला. हा हिरवा रंग वसईचा, राजस्थानातला धुतला गेला, असंही लिहिलं.

मग चिंच भिजत घातली.