सोनिकाच्या जागेवरचा हरभरा

जरीपटका, नागपूर
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

सोनू,

आमच्याकडे सगळे मजेत. आईनं तुले आशीर्वाद सांगितले, आणि बाबांनी विचारलं की ती पोट्टी अजून चहात साखरेचा डब्बा उलटा करते का. थंडी चांगलीच पडून राहिली आहे. त्यात अधिवेशन सुरू झालं, सदरचे अर्धे रस्ते बंद, म्हणून मले रोज दुकानात पोचायले उशीर होते. चष्मे घ्यायले येणारे लोक आधीच वैतागलेले असतात, आणि मी धापा टाकत शटर उघडते.

पत्र पाहून हसू नको. तू ग्रुप सोडला, फोन उचलत नाही, मेसेज वाचून गुपचूप बसते. मग मी काय करू? कागद तुले उघडावाच लागेल, कारण हिंगणघाटले पोस्टमन तो तुझ्या आत्याच्या हातात देईल, आणि आत कोणाचं काय आहे हे कळल्याशिवाय आत्याच्या घशाखाली घास उतरणार नाही.

तर बातमी अशी की रविवारी फायनल आहे. हौ, पोचलो आपण! समोर पुन्हा त्याच धरमपेठवाल्या. मॅच झाली की ग्राउंडवरच तर्री पोहे, आणि पोह्यांसोबत अक्षय तृतीयेच्या भाकितांची झडती, दरवर्षीसारखीच.

यंदा तू नव्हती, म्हणून सगळं सांगते. वामन सर पडले बुलढाण्याचे. भेंडवळच्या घटमांडणीची नक्कल केल्याशिवाय त्यांचा बेसबॉलचा मोसम काही सुरू होत नाही. तिकडं धान्य मांडून पाऊसपाणी पाहतात, आपले सर पोट्ट्यांचं भविष्य पाहतात. तर आदल्या संध्याकाळी चुन्यानं ग्राउंड आखलं. जिची जी जागा, तिथं तिच्या धान्याची मूठ ठेवली. मायाची तूर फर्स्ट बेसवर, शामलाचे मूग शॉर्टस्टॉपले, माझं जवस मधात, जिथून मी बॉल टाकते. सकाळी पाहतो तर मायाची तूर अशी विखुरलेली, जशी कोणी लाथच मारली. सर चष्मा पुसून म्हणाले, "मायाचा पाय मुरगळते यंदा."

माया पूर्ण मोसम हरणासारखी पळाली. पाय मुरगळला सरांचा, तोही स्कूटर स्टँडवर लावताना!

बाकीच्यांचीही तशीच गत झाली. शामला छाती ठोकून म्हणाली होती की धरमपेठवाल्या सेमीतच घरी जातील. मायानं माझं भाकीत केलं होतं, खुशी यंदा सगळ्यात जास्त बॅटर आउट करते, लिहून घ्या म्हणे. मी चौथ्या नंबरवर आहे, सोनू. हसली ना? हस. ज्यांचं चुकलं त्यांनी पुढच्या मोसमात ग्राउंड आखायचं हा नियम तुले माहीतच आहे. यंदा चुन्याच्या बादलीमागं अख्खी टीम उभी राहील, सरांसकट.

फक्त माझं भाकीत अजून खोटं ठरलं नाही.

ते कोणतं, हे मी मघापासून टाळून राहिली आहे. मधात चहा करून आली, आईनं निवडलेली मेथी पुन्हा निवडली. आता सांगते. मी तुझ्या समोर उभी राहते म्हणून दरवर्षी तुझं भाकीत मीच करते ना. यंदा होम प्लेटच्या मागं, तुझ्या कॅचरच्या जागेवर, कोणी उभं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी आपापली धान्यं मांडली आणि ती जागा तशीच सोडली. सरांनी खिशातून तुझा हरभरा काढला आणि तिथं ठेवला. सकाळी पाहिलं तर एक दाणा जागचा हलला नव्हता. मुंगी नाही, चिमणी नाही. सर म्हणाले, "पहा, हरभरा जाग्यावर आहे. ती येते."

आणि मी म्हणलं, "येत नाही ती. भित्री आहे."

शामला म्हणाली, "माय वं! असं बोलते का कोणी?" मी तोंड फिरवून बॅटा गोळा करायले निघून गेली.

राग आला होता मले तुझा. आताही आहे, थोडासा. तू चुकली, हे मी नाकारत नाही. मागच्या फायनलले शेवटचा बॉल होता, धरमपेठवालीनं बॅट फिरवली, बॉल हुकला, आपण जिंकलोच असं समजून मी दोन्ही हात वर केले, आणि बॉल तुझ्या हातमोज्याच्या, मिटच्या खालून निघून मागच्या जाळीवर जाऊन आदळला. बॉल धरला गेला नाही म्हणून ती आउट नाही, ती फर्स्टले पळाली, थर्ड आणि सेकंडवरच्या दोघी घरी आल्या, मॅच गेली. तो बॉल तुझ्याकडून सुटला. सुटला तर सुटला! कोण्या भैताडानं त्याच्यावर हसायचं म्युझिक टाकून व्हिडिओ फिरवला, आणि तू त्या भैताडाचं ऐकलं, आमचं नाही. आम्ही सगळ्या तुझ्या दारात उभ्या होतो वं. तू काकूंकडून निरोप पाठवला की डोकं दुखते. आठ दिवसांनी कळलं की आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून तू हिंगणघाटले गेली, आणि खेळणं बंद, मिट फेकून दिला.

आत्याचे गुडघे आता कसे आहेत हे विचारत नाही. नोव्हेंबरमध्ये इथल्या लग्नात त्या वरातीत नाचून राहिल्या होत्या. नवरदेवाचा मामा दमून खाली बसला, आत्या बसल्या नाहीत.

आता माझं ऐक. मी चौथ्या नंबरवर काहून आहे ते कोणाले माहीत नाही. मी यंदा आपला गोता बॉल एकदाही टाकला नाही. तूच नाव ठेवलं होतं ना त्याचं, पतंगीसारखा सरळ येते आणि ऐन वेळेवर खाली बुडते म्हणून. आता मागं माया बसते. चांगली बसते, मेहनत करते, तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण गोत्यासाठी बोटं लावली की मले होम प्लेटमागं तू दिसते, आणि तू तिथं नसते. मग मी साधा बॉल टाकते, आणि समोरच्या टीमच्या पोट्ट्या तो मस्त कुटतात. सेमीमध्ये सरांनी गोत्याचा दोनदा इशारा केला, मी नाही म्हणून मान हलवली. नंतर विचारलं, "काहून वं खुशी?" मी म्हणलं, खांदा दुखते. तेव्हापासून सरांच्या घरून रोज गरम तेलाची वाटी येते. खांदा ठणठणीत आहे, सोनू. मले तुझी आठवण येते, एवढंच आहे. हे मी तुले सोडून कोणाले सांगू?

काल मी तुमच्या घरी गेली होती. फायनलसाठी मायाले चांगला मिट हवा होता. मले वाटलं, तू फेकला म्हणते, पण काकू कशाले फेकू देतील, माळ्यावर असेल. काकू म्हणाल्या, "इथं कुठं आहे तो? तिनं जातानी बॅगेत सगळ्यात आधी तोच टाकला. कपडे मागून टाकले."

आत्याच्या गुडघ्याले मिट कशाले लागते वं?

मी तिथंच तुमच्या पायरीवर बसली. मग मले आठवलं, त्या लग्नात आत्या माझ्याजवळ कुरकुर करत होत्या, "माही मागची भिंत पुरी खराब झाली पोरी, पोपडे निघून राहिले." मी म्हणलं, ओल आली असेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी बिनडोक आहे. तेव्हा मले काही समजलं नाही. काल समजलं. तू रोज त्या भिंतीवर बॉल मारते आणि झेलते. वर्षभर एकटी झेलून राहिली आहे, आणि आम्ही इथं तुझ्या नावानं बोटं मोडून राहिलो.

मी तुले भित्री म्हणलं. भित्री पोट्टी भिंतीचे पोपडे काढत नाही. तो शब्द मी परत घेते, सगळ्यांसमोर घेईन.

तुझं नाव टीमच्या यादीतून सरांनी काढलंच नाही. मायाले मी विचारलं. ती म्हणाली, "आली तर मी फर्स्ट बेसवर पळते, उकिडवं बसण्यातून माझे गुडघे सुटतील." रविवारी सकाळी आठ वाजता मॅच आहे. हिंगणघाटवरून पहाटेची बस धरली तर आरामात पोचते. आत्याले पण आण, त्यांच्यासारखं चिल्लावणारं कोणी आपल्याकडं नाही.

बॉल पुन्हा सुटेल याची भीती वाटते ना? मलेही वाटते. सुटू शकते, मी खोटा धीर देत नाही. पण यंदा मी हात वर करून उभी राहणार नाही. सुटला तर मी पळत तुझ्याकडंच येईन.

नाही आली, तर पोह्याच्या वेळी सगळ्या म्हणतील की खुशीचंच एकटीचं बरोबर निघालं. टाळ्या वाजवतील. त्या टाळ्या मले ऐकायच्या नाहीत वं. इतकी वर्षं माझं एकही भाकीत चुकलं नाही म्हणून मी किती मिरवत होती, तुले माहीत आहे. यंदा मले चुकायचं आहे. मले खोटी पाड, सोनू.

पुढच्या मोसमात होम प्लेटच्या मागची तुझी चौकट मीच आखणार, चुन्याची बादली आताच मागून ठेवली आहे,

तुझी समोरची,
खुशी