नळीला बोट लावू नको

६ जुलै २०२५, रविवार
आजचा वार बंदुकीचा. ह्यांच्या उशाखालची किल्ली घेतली, पलीकडच्या भिंतीचं लोखंडी कपाट उघडलं. ह्यांचे जुने पांढरे हातमोजे घातले. बोईसरच्या बँकेच्या दारात हीच बारा बोअर खांद्याला लावून ह्यांची नोकरी झाली. नळीत चिंधी फिरवली, वरून तेलाचा हलका हात. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल.

“नळीला बोट लावू नको! घामानं गंजते. त्यात ही चिंचणीची खारी हवा.” पलंगावरून हुकूम. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेली, जीभ शाबूत.

खिडकीच्या गजांचे पापुद्रे निघतायत. त्यांना तेल नाही.

११ जुलै
प्रफुल्लचा फोन! माझ्या हाताखाली मथळे द्यायला शिकला, आता पालघर आवृत्ती बघतो. “ताई, कोळगावच्या जिल्हा कार्यालयाच्या बातम्यांना माणूस नाही. परत या. पंचवीस तारखेपर्यंत सांगा.” ह्यांच्या आजारपणात नोकरी सोडली, तेव्हापासून असा फोन नव्हता.

ह्यांना सांगितलं. “जा की. मी तहानेनं मेलो तर ती बातमी तूच दे.”

१३ जुलै, रविवार
तेल. मग ह्यांचा डावा हात चोळला — शटरखाली चिरडून अर्धी राहिलेल्या अनामिकेसकट. थंड, जड.

शेजारची आनंदी बोंबील द्यायला आली होती. बंदुकीकडे बघत म्हणाली, “वयनी, आमी होडीला मोरी माशाचं तेल लावतो. पण होडी पोट भरते. ही तुमची काय करते?”

मी तोंड फिरवून हसले. हे नाही हसले.

२० जुलै, रविवार
तेल. पाऊस दोन दिवस हटत नाही, म्हणून विचारलं, “खोळीत ठेवू?”
“खोळ ओल धरते! आतल्या आत खाऊन टाकते. इतके दिवस काय शिकलीस?”
बंदुकीला चालत नाही. बायकोला चालतं.

२३ जुलै
बाजारातून आले तर ह्यांचे ओठ कोरडे. पेला स्टुलावर, तसाच भरलेला. “हात पोचला नाही,” म्हणाले. डोळे मिटून घेतले.
पेला मी जवळ ठेवला होता ना? ठेवला असेन. की नाही?

२४ जुलै
प्रफुल्लला नकार कळवला. मुदतीच्या आत — सवय जात नाही.
“शहाणी आहेस,” हे म्हणाले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२५ जुलै
कोळगावला दुसरी मुलगी घेतली. प्रफुल्लनं कळवलं. गरज नव्हती.

२७ जुलै, रविवार
कपाट उघडलं. नळीच्या खालच्या अंगाला, डाव्या हातानं पेलायच्या जागी, गंजाचे चार तांबूस ठसे. बोटांचे. तिसरं अर्धं.

किल्ली ह्यांच्या उशाखालीच होती.

हातमोजे काढून ठेवले.
“काय गं, थांबलीस का? पाणी दे आधी.”
“घ्या की उठून,” म्हटलं.