सकाळी सहाचा नंबर

१२ जानेवारी, रविवार

आजपासून मी स्टेशन मास्तर! आबांनी नेमलंय.

झालं काय — रोज सकाळी सहाला मी दौंडच्या खोलीवरून शिरूरला फोन लावते. गोळ्या घेतल्या का? चार गोळ्या, उपाशीपोटी, वर तासभर काही खायचं नाही. आबा म्हणतात घेतल्या. मी म्हणते नक्की? ते म्हणतात व्हय. मी म्हणते खरंच? मागच्या आठवड्यात त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, "एकतीस वर्षं फाटकावर काढली म्या. मला व्हय-न्हाई इचारू नको. नंबर इचार."

प्रायव्हेट नंबर. लहानपणापासून ऐकून कान किटलेत. गाडी यायची झाली की मास्तरचा फोन येणार. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं, मग शीटवरचा पुढचा नंबर मास्तरला सांगायचा आणि खोडायचा. मास्तर तो लिहून घेणार, मगच गाडी सोडणार. नुसतं 'लावलं' म्हणून भागत नाही. आणि खोडलेला नंबर परत आला तर फाटक उघडं समजायचं. गाडी थांबवायची.

कंपनीतल्या लॅबच्या कॉम्प्युटरवर दहा ते नव्याण्णव आकडे उलटेसुलटे करून शीट काढली. नव्वद नंबर. काल नेऊन दिली तर चष्मा लावून पोरासारखी वाचत बसले. रोजचा नंबर मी ह्याच वहीत लिहायचा, बाकी काही लिहिलं नाही तरी. मास्तर लिहितो म्हणे.

ऑगस्टात कळलं तेव्हा रक्तातला पीएसए दोनशे बारा होता. चारच्या आत पाहिजे. कॅन्सर, प्रोस्टेटमधून थेट हाडांत. एवढे दिवस कंबर दुखते म्हणून मलम चोळत बसले होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

नंबर: २६.

२५ जानेवारी

पीएसए १.८!

दोनशे बारावरून एक पॉइंट आठ. रिपोर्ट तीनदा वाचला. दयाआत्याला फोन केला तर म्हणते, प्रभूनं ऐकलं, चर्चच्या मंडळीनं उपास धरला होता ना. बरं बाई. मग त्या गोळ्या काय मी हौसेनं आणते? दर महिन्याला सुट्टी काढून पुण्याला जाते, बाटली आणते, न्हावऱ्यामार्गे शिरूरला पोचवते आणि परत शिफ्टला येते. त्याचं काहीच नाही? आत्या शेजारीच राहते, दोन्ही वेळची भाकरी देते, म्हणून तोंड आवरलं. 

नंबर: ८१.

१४ फेब्रुवारी

पुण्याला इंजेक्शन. तीन महिन्यांतून एक. येताना एसटीत आबांना एकदम घाम फुटला. सदरा पिळून काढावा इतका. थंडीचे दिवस, आणि हे माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेलं. शेजारचा सरकून बसला — काय लागण होणार होती काय त्याला! डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बायकांना पाळी जाताना येतात तशा वाफा येतील. आबा ते ऐकताना भिंतीकडे बघत होते.

नंबर: ३८.

२ मार्च, रविवार

आज शिरूरला गेले आणि भांडून आले.

चर्चला आबा जॅकेट घालून! ऊन हे एवढं. आणि क्वायरमध्ये नाहीत, सगळ्यात मागच्या बाकावर. वीस वर्षं खालचा सूर त्यांनी धरला. मी बाहेर आल्या आल्या सगळ्यांदेखत म्हटलं, उन्हात जॅकेट कशाला, काढा. ते सरळ घरी निघून गेले. मग आत्यानं मला बाजूला घेतलं आणि आपल्या छातीला हात लावून दाखवला. आबांची वाढलीय म्हणे. पांढऱ्या सदऱ्यातून दिसते. पोरं हसली होती.

मला कोणी सांगितलं का? नाही! सगळे मूग गिळून. मला स्वप्नं पडणारेत का?

दुपारी आबा स्वयंपाकघरात आले. पाय सुजलेले, भिंतीला धरून. विचारलं, ह्या गोळ्या किती दिवस? मी म्हटलं कायमच्या. ते म्हणाले, "कायमच्या म्हंजी किती?" असला राग आला मला. म्हटलं, "तुमच्यासाठी मी हैदराबादची नोकरी सोडली आबा. तुम्हाला चार गोळ्या गिळता येत नाहीत?"

ते म्हणाले, बरं. पाणी पिऊन बाहेर गेले.

बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

नंबर: ५४.

१६ मार्च

हौसरावांना पकडलं आज. आमच्या कुरकुंभच्या कंपनीत पंधरा वर्षं झालीत त्यांना, मुरलेला माणूस. ड्रायरचं तापमान दर तासाला बघून लिहायचं, तर ह्यांनी आदल्या दिवशीचे आकडे तसेच्या तसे उतरवलेले. ओळीनं! मी दोन पानं शेजारी धरली आणि दोन मिनिटांत सापडलं. बॅच अडकवली. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हटलं, पगारच त्याचा घेते.

आबा बरे वाटले फोनवर. पायाची सूज उतरलीय म्हणे. क्वायरला पण जाऊन आले. बघा, म्हटलं, गोळ्या अंगाला लागल्या शेवटी!

नंबर: ८१.

५ एप्रिल

डबल शिफ्ट. पाय मोडले. नंबर: ३८.

२२ एप्रिल

पीएसए ९.४.

नाही. हे होऊच शकत नाही. शिरूरच्या त्या लॅबमध्ये जाऊन भांडले. सॅम्पल कधी घेतलं, मशीन कधी तपासलं, रिपोर्टवर सही कोणाची. काउंटरवरची मुलगी रडायला आली. आमच्या कंपनीत आकडा मर्यादेबाहेर गेला तर आधी मशीन बघतात, मग पद्धत, मग काम करणारा माणूस, आणि शेवटी मालाला नावं ठेवतात. इथं म्हणे पेशंटचा आजारच वाढला असेल मॅडम. असेल?

गोळ्या रोज चालू आहेत. एक दिवस चुकलेला नाही. माझ्याकडे नंबर आहेत!

नंबर: २६.

५ मे

पुण्यातल्या दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट. १४.७.

लॅब खरी होती. त्या मुलीची माफी मागायला पाहिजे. मागणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही.

नंबर: ८१.

२३ मे

डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. मोजून. रिपोर्ट बघितला, मला विचारलं, गोळ्या नियमित? मी म्हटलं शंभर टक्के. मग, म्हणाले, गोळ्या फेल गेल्या, आता केमो. पाच जूनला ॲडमिट व्हा.

आबा माझ्या शेजारीच बसले होते. मी 'शंभर टक्के' म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरले.

नंबर: ६७.

२५ मे, रविवार

शिरूर. आबांनी विचारलं, केमो घेतला न्हाई तर? मी म्हटलं, मग मरा. असं तोंडावर म्हणाले मी. आत्यानं जेवणाची प्रार्थना अर्ध्यात सोडली. आबा हसले. हसले! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जेवण टाकून बस पकडली. चौफुल्यापर्यंत रडले. 

मला ते मेलेले नकोत. एवढंच आहे. ते नीट सांगता येत नाही म्हणून ओरडते.

नंबर: ३८.

१ जून, रविवार

लिहूनच काढते.

ॲडमिटची पिशवी भरायला काल शिरूरला गेले. आज दुपारी आबांची शाल शोधायला पत्र्याची पेटी उघडली. वर त्यांचे हिरवे-तांबडे झेंडे, घडी घातलेले. खाली शाल. शालीत गुंडाळलेल्या गोळ्यांच्या बाटल्या. तीन. दोनचं सील पण तोडलेलं नाही, तिसरी जवळजवळ भरलेली. मार्च, एप्रिल, मे.

तीन महिने! ज्या गोळ्या पोटात गेल्याच नाहीत त्या फेल गेल्या म्हणून पाच तारखेला त्यांच्या शिरेत केमो सोडणार होते. माझ्या शब्दावर. मी सांगितलं शंभर टक्के!

बाटल्या घेऊन अंगणात गेले. आबा खुर्चीवर. मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. शेवटी म्हटलं, "एकतीस वर्षं फाटकाची शपथ घालायचात आणि पोटच्या पोरीला खोटा नंबर दिलात?"

तोवर ऐकून घेत होते. ह्याला मात्र उठून उभे राहिले. काठीशिवाय.

"किरपे, म्या खोटा नंबर एकबी दिलेला न्हाई. वही बघ तुझी."

वर आणि हे! बाटल्या आपटल्या आणि निघाले. शीट पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली होती, ती तेवढी फाडून आणली. पुरावा म्हणून.

आज सकाळी समोरासमोर दिलेला नंबर: लिहिणारच नाही.

२ जून

पहाटे उठून शीट पाहिली. नव्वदपैकी पन्नासच खोडलेत. पट्टी धरून, रुळासारख्या सरळ रेघा. चाळीस कोरे.

रोज एक म्हटलं तर अकरा एप्रिललाच शीट संपायला हवी होती. त्यांनी नवी मागितली नाही. आणि मला, मास्तरला, एकदाही सुचलं नाही की अजून नंबर येतायत कुठून.

मग वही उघडली. पन्नासावा ५४ — २ मार्च, स्वयंपाकघरातलं भांडण झालं तो दिवस. ३ मार्चला २६. २६ तर पहिला, बारा जानेवारीचा! दुसऱ्या दिवशी दुसरा. पहिल्या ओळीपासून परत तेच, त्याच क्रमानं, रोज. पन्नास संपले की पुन्हा पहिल्यापासून. सगळे खोडलेले. फाटक उघडं. सगळे माझ्याच अक्षरात.

हौसरावांचं दोन मिनिटांत सापडलं होतं मला.

बरोबर सहाला फोन लावला. गोळ्यांचं विचारलं नाही. म्हटलं, "आबा, गाडी थांबवलीय. बोला."

पलीकडे कोंबडा आरवत होता.

मग म्हणाले, "लई येळ लावला, मास्तर."