पहिल्या ओळीतलं नाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी कालची चूक दुरुस्त करते. आईनं मला पाटीवर अक्षरं शिकवली असं मी लिहिलं. पाटी नव्हती. स्टीलची थाळी होती, तिच्यात पसरलेली कणीक. बाबांच्या बदल्यांत शाळेचा प्रवेश दरवेळी हुकायचा, म्हणून बरीच वर्षं आई हीच माझी शाळा. बोटानं अक्षर काढायचं, मोठ्यानं वाचायचं, मगच थाळी हलवायची. आणि काहीही लिहिण्याआधी, सगळ्यात वर, आपलं नाव.

बाकी लिहिलं ते खरं. गोमती नगरचं नवं ऑफिस छान आहे. खिडकीतून ई-रिक्षांची रांग दिसते, खालचा चहावाला आलं घालताना हात आखडत नाही. आईबाबांचं घर पार शहराबाहेर, बख्शी का तालाबला. तिथून रोज येणं जमणार नाही, म्हणून इथेच खोली घेतली. संध्याकाळी आईचा फोन येतो. जेवलीस का? लगेच दुसरा प्रश्न, काय जेवलीस? खोटं पकडायला.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. डिस्कचा वेग तपासायचा. टूल डिस्कवर काहीबाही लिहितं, तेच परत वाचतं आणि किती वेळ लागला ते सांगतं. कशावर लिहायचं, किती वेळ, हे सगळं जॉबच्या, म्हणजे टूलला दिलेल्या कामाच्या, फाइलमध्ये ठरतं. आतापर्यंत हे निनाद बघायचा. वेदिका मॅडम म्हणाल्या, त्याचा जॉब अडकलाय, वाचून नुसती शून्यं येतात, सेटिंग बघ जरा. निनादनं हसून कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. काही विचारलं की एकच उत्तर, सब ठीक है. माझं नाव त्यानं दिवसभरात तीनदा विचारलं.

फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. काम करणाऱ्याचं असणार. आता ते काम माझं, म्हणून पुसून ‘प्राची’ लिहिलं. जॉब लगेच चालू झाला. मॅडम म्हणाल्या, अरे वाह, पहले ही हफ्ते में! आईला कधी सांगते असं झालं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वेग उत्तम, पण जॉब थांबत नाही. वेळेची मर्यादा घातली, मानत नाही. ‘फक्त वाचन’ असं सेटिंग केलं, तरी लिहितोच आहे. आई फोनवर म्हणाली, तुझाच भाऊ दिसतोय, लिहायला बसला की उठत नाही. हसले. मग तिनं आमच्या आधीच्या गावाचा विषय काढला. मला त्या गावाचं नाव आठवेना. दमली असशील, म्हणाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी जायचं ठरलं होतं, हे आईच्या फोनवरून कळलं. तिनं भरीत केलं होतं. मला आवडतं म्हणे.

आज टूलची माहिती नीट वाचली. हे आधीच वाचायला हवं होतं. पहिल्या ओळीत काम करणाऱ्याचं नाव घालत नाहीत. ज्यावर लिहायचं, ते तिथे घालतात. आत आधीचं जे असेल, ते लिहिताना पुसलं जातं. आणि तिथे मी माझं नाव घातलंय.

घाबरायला हवं होतं. चहा घेतला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नाव पुसलं. ते परत आलं. मशीन बंद करून पाहिलं, चालू केल्यावर जॉब होता तिथूनच पुढे. डिस्कचा पत्ता घातला, घेत नाही. निनादचं नाव घातलं. घालायला नको होतं. तेही घेतलं नाही.

निनाद बघत होता. म्हणाला, अपने हाथ से लिखना पड़ता है, हर किसी को अपना. मग कौतुकानं म्हणाला, आपने तो बड़े सलीके से लिखा था.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, यार, इतने अच्छे नंबर आ रहे हैं, छेड़ो मत.

दुरुस्ती — थाळीत कणीक होती की तांदूळ, खात्री नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एका बाईंचा फोन आला. मराठी बोलतात. जेवलीस का, विचारलं. मी अदबीनं म्हटलं, जी, खा लिया, आप कौन? त्यांनी दोनदा माझं नाव घेतलं.

काय जेवलीस, ते विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

थाळी आहे अजून. बोट माझं. समोर कुणाचा तरी हात, हिरव्या बांगड्या — चेहरा नाही. एवढं तरी राहू दे.

मॅडम म्हणाल्या, सोमवारी नवी मुलगी येतेय. सानिका. तिला काम दाखव.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बांगड्या गेल्या. थाळी आहे.

आधी मी असं केलं नसतं, असं वाटतं. का केलं नसतं, ते —

सोमवारी, सोळा फेब्रुवारीला. सानिका आली की, थाळी जायच्या आत, फाइल उघडून देईन. कीबोर्ड सरकवेन. हसून सांगेन, काहीही लिहिण्याआधी, सगळ्यात वर, आपलं —