न्हाणीची आतली कडी

आबा, तुमची सून, म्हणजे माझी बायको, तुम्हाला मामा म्हणत असे, तसेच माझी सून मला म्हणते. आणि ज्या दिवशी तिच्या बोलण्यात हा शब्द नेहमीपेक्षा अधिक वेळा येतो, त्या दिवशी मी सावध होतो. गेल्या पंधरवड्यात तो फार वेळा आला. प्रथम तिने न्हाणीतल्या गुळगुळीत शहाबादी फरशीला, जात्याला लावतात तशी, टाकी लावून ती खरबरीत करून घेतली. मग भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली, आणि शेवटी दाराची आतली कडीच काढून टाकली. विचारले तर म्हणाली, "आत पडलात तर दार कुणी मोडावं, मामा?" ती बारावीपर्यंत शिकलेली आहे, म्हणून तिचे उत्तर तयार असते. मुलगा नांदेडला नोकरीस असून शनिवारी मुक्कामाला येतो. एरवी ती त्याच्याशी फोनवर हळू आवाजात बोलते, आणि मी ओसरीवर आलो की दोघांत पावसाचा विषय निघतो. यंदा इकडे पाऊस नाही, हे त्याला रोज नव्याने सांगावे लागते काय? घर व शेत अजून माझ्या नावावर आहे. मी कडीच्या जागी भरलेली बादली दाराला आतून लावून स्नान करू लागलो.

त्यानंतर आरोग्य केंद्रातील बाई कागद घेऊन येणार असे कळले. म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नाही असे एकदा लिहून घेतले की पुढे सही कोणाची चालते, हे समजण्यास चौथीपेक्षा अधिक शिक्षण लागत नाही. मी वार, तालुका, जिल्हा पाठ करून ठेवले. हे पाठांतर मी तुमच्यामुळे केले, आबा.

लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवसांतले शिबिर मला हल्ली वारंवार दिसते. पावसाने ओढ दिली आहे, गावात टँकर येतो आहे, शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर टेबल मांडून बसले आहेत आणि तुमचा हात धरून मी रांगेत उभा आहे. नाव, गाव झाल्यावर त्यांनी विचारले, "आजोबा, जिल्हा कोणता?" तुम्ही म्हणालात, "बिदर." कंपाउंडर हसला. "म्हातारं बिदरलाच ऱ्हायलं की अजून." मी नुकताच लातूरला जाऊन नव्या जिल्ह्याचे पेढे खाऊन आलो होतो; माझी मान खाली गेली. त्याच दिवशी तुमच्याजवळची काड्यापेटी मी काढून घेतली, आणि तुमची सून टँकरवर गेली की दाराला बाहेरून कडी घालावी असा हुकूम केला. ती म्हणाली, "मामा बरोबरच बोलले की. माझ्या माहेरचे म्हातारे अजून बिदरच म्हणतेत." अंगठा उठवणाऱ्या बाईने मला जिल्हा शिकवू नये, असे मी तिला चारचौघांत सुनावले. पहिल्या दिवशी कडी मीच घातली. तुम्ही आतून विचारलेत, "चोर घरात कोंडलास, मग राखण कुणाची करायलास?" ती बिचारी घागर रांगेत ठेवून धावत येई, कडी काढी, तुम्हाला लघवीला नेई, पुन्हा कडी घालून धावे. तेवढ्यात तिचा नंबर जाई, आणि संध्याकाळी घरात पाणी कमी का, असे मी तिलाच विचारी. त्यानंतर तुम्ही दीड वर्ष जगलात, परंतु पाण्याचा तांब्या माझ्या हातून एकदाही घेतला नाहीत.

आपला हा शिरूर अनंतपाळचा भाग पूर्वी निलंगा तालुक्यात होता आणि निलंगा बिदर जिल्ह्यात. मीही बिदर जिल्ह्यातच जन्मलो. माझ्या चौथीच्या दाखल्यावर तसे लिहिले आहे. तो दाखला त्या दिवशी माझ्याच पेटीत होता.

काल सोमवारी बाई आल्या. मी फेटा बांधून बसलो होतो. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच सांगितले, "जिल्हा लातूर, तालुका शिरूर अनंतपाळ, वार सोमवार." त्या म्हणाल्या, "बाबा, हे मी इचारलंच न्हाई की. महिनाभरात कुठं पडलाबिडलात का, तेवढं सांगा." मी म्हणालो, "नाही." ते लिहून त्यांनी खुर्ची सुनेकडे वळवली, आणि उरलेला सारा कागद तिच्यासाठीच निघाला.

"रात्री कितींदा उठावं लागतंय, ताई?"

"एखाद्या बारी."

मी चार वेळा हाक मारतो.

"पाठ दुखती का?"

"न्हाई ओ, कायबी न्हाई." असे म्हणताना तिचा हात कमरेवर होता.

"माहेरी कवा जाऊन आलात?"

यावर ती माझ्याकडे पाहून हसली. "मामांना त्या बादलीसंगं सोडून कसं जाऊ?"

म्हणजे बादलीचे तिला ठाऊक होते. बाई म्हणाल्या की घरी वृद्ध माणसे सांभाळणाऱ्यांना गुरुवारी केंद्रात बोलावले आहे. माणसाला उचलावे कसे, बसवावे कसे ते दाखवतील, आणि आपले दुखणेही तिथे बोलता येईल. तोवर शेजारचे कोणी माझ्याजवळ बसवावे. सून "बघू" म्हणाली. तिचे बघू म्हणजे नाही, हे एवढ्या वर्षांत मला कळले आहे. त्या कागदाच्या पाठीमागे काय लिहिले होते ते मी पाहिलेले नाही, म्हणून माझी शंका पुरती गेलेली नाही. परंतु तुमच्या सुनेकडे अशी खुर्ची कोणी कधी वळवली नाही, मीही नाही, आणि आता ती विचारण्याच्या पलीकडे गेली आहे.

आबा, बाईंना मी खोटे सांगितले. गेल्या शुक्रवारी मी त्याच बादलीला अडखळून पडलो. नळी हाती लागली म्हणून डोके वाचले. मांडी काळीनिळी आहे, ती धोतराखाली झाकली जाते. आज सकाळी बादली मी दारापासून दूर, मोरीकडे ठेवली. गुरुवारी शेजारी येऊन बसला तर मी त्याला चहा सांगेन, जा म्हणणार नाही. हे सुनेला तोंडाने सांगणे मला जमणार नाही. तुम्हाला लिहिलेले टपालात टाकता येत नाही, म्हणून हे पत्र घडी करून माझ्या गादीखाली ठेवतो. पेटीला कुलूप आहे, तेथे ते अधिक सुरक्षित राहिले असते. सून दर बुधवारी गादी उन्हात टाकते, हे मला ठाऊक आहे.