तिसऱ्या टाकीचा वास

४ मार्च, मंगळवार

लॅबवाल्या पोरीला आज चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, आधी स्वतःचे हात धू, मग आमच्या टाक्यांना नावं ठेव." सगळे हसले. बॉयलरवाला तर कप खाली ठेवून हसला. पोरगी चष्मा पुसत राहिली. वर बघितलंच नाही तिने.

झालं असं. तिसऱ्या टाकीच्या नमुन्यात तिला जंतू दिसले. मळीचा मद्यार्क करणारं यीस्ट नव्हे, दुसरे — टाकी आंबट करणारे. काचेच्या बशीत थलथलीत काहीतरी ओतलेलं असतं, त्यावर नमुना लावते, दोन दिवस उबेत ठेवते आणि उगवलेले ठिपके मोजते. त्या बशीला प्लेट म्हणतात. म्हणाली, "टाकीखालचा बेंड उघडा. आत थर बसला असणार."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकले, बेंडाच्या झाकणाशी नाक नेलं, दोनदा हुंगलं. मी म्हणाले, "स्वच्छ आहे."

तेवढ्यावर निकाल लागला. तो बेंड म्हणजे टाकीच्या बुडाचा वाकडा पाइप. उघडायला चार माणसं आणि अर्धा दिवस लागतो. म्हणून आमच्याकडे रीतच पडली आहे — आजीला, म्हणजे मला, वास आला तर उघडायचा, नाही तर नाही. एकवीस वर्षं झाली त्या रीतीला. साहेब तीन बदलले, रीत बदलली नाही.

५ मार्च

मला वास येत नाही.

लिहिलं एकदाचं. नातीची अर्धी कोरी वही आहे, मागच्या बाजूने लिहिते. तिसरी पास बाई मी, अक्षर बघून कोंबडीही लाजेल. पण तोंडाने सांगायला माणूस लागतं, आणि माणसाला हे सांगायची सोय नाही.

ऑक्टोबरात ताप आला होता. आठ दिवस अंथरुणात. ताप गेला तो नाक घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. मग फिनेलची बाटली हुंगली. चिरलेला कांदा हुंगला. कामावर टाक्या धुवायच्या कॉस्टिकच्या पिंपावर वाकले — डोळ्यांतून धारा, घशात आग, वास मात्र नाही. पाच महिने झाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. टाक्या धुणाऱ्या बाकीच्या बायकांना साहेब "ए" म्हणून हाक मारतात. मला "आजी". ते काय माझ्या पांढऱ्या केसांमुळे? एकवीस वर्षांत या नाकाने अकरा वेळा सांगितलं की आत सडलंय, आणि अकराही वेळा उघडलं तर सडलेलंच निघालं. नाक काढलं तर माझं उरतं काय — गुडघे?

म्हणून पाच महिने वाकते, हुंगते आणि "स्वच्छ आहे" म्हणते.

७ मार्च

दूध जळालं. मी शेजारीच बसून नातीच्या फ्रॉकला बटण लावत होते. सून आतून धावत आली. "आई, अहो घरभर वास सुटलाय, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. तू उठतेस का ते बघत होते."

"मी काय परीक्षेला बसले होते?"

बोलण्यात ती माझ्या वरताण आहे. मुलगा असा प्रसंग आला की पेपर तोंडापुढे धरतो. पण ती पातेलं घासताना दोनदा माझ्याकडे वळून बघत होती.

१० मार्च

तिसरी टाकी गेली.

सकाळी फेस असा उभा राहायला हवा होता, दुधावरच्या सायीसारखा दाट. तो पार बसलेला. आतलं मळीचं पाणी गप्प. यीस्टने साखर खाऊन मद्यार्क करायचा, तर साखर त्या दुसऱ्यांनीच खाल्ली आणि आंबट करून ठेवली. सगळी टाकी नाल्यात सोडून दिली. धुणाऱ्या बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मीही लावला. न लावून सांगते कोणाला.

साहेबांनी टाकी पुन्हा भरून औषध दुप्पट टाकायला सांगितलं. औषध पाण्यात तरंगणाऱ्यांना मारतं. थराच्या आत जे घर करून बसलेत ते औषधाला भीक घालत नाहीत. वरचे मेले की आतले पुन्हा बाहेर येतात. त्यांना ब्रशने खरवडूनच काढावं लागतं, मग कॉस्टिक, मग उकळतं पाणी. हे साहेबांना मीच शिकवलं होतं, ते नवीन असताना. आज मात्र मी ब्रश घेऊन फरशी घासत राहिले.

मग साहेब लॅबवाल्या पोरीकडे वळले. "टाकी आधी स्वच्छ होती. आजीने बघितली होती. मग जंतू आले कुठून? नमुना काढायला झाकण कोण उघडतं?"

"सर, मी हातमोजे घालते. प्रत्येक वेळी नळाचं तोंड ज्योतीने जाळून घेते."

"मग आजी खोटं बोलतात का?"

मी तिथेच, चार हातांवर, हातात ब्रश घेऊन. पोरीने माझ्याकडे बघितलं. "नाही सर," म्हणाली.

१३ मार्च

हे लिहायला दुपारपासून टाळते आहे. लिहिते.

पोरगी जेवणाच्या सुट्टीत धुण्याच्या जागी आली. हातात झाकण लावलेल्या दोन बाटल्या. म्हणाली, "आजी, मला शिकवाल का? वास कसा ओळखायचा ते. प्लेटला दोन दिवस लागतात, तुम्हाला दोन मिनिटं."

टोमणा नव्हता. खरंच शिकायला आली होती. चोवीस-पंचवीसची असेल, शिकून आलेली, आणि तिसरी पास बाईपुढे उकिडवी बसली.

मग मी सांगितलं. आठवणीतून. चांगल्या टाकीचा वास ताज्या पावाच्या जवळ जातो. बिघडलेलीचा — ओलं फडकं कोपऱ्यात चार दिवस पडलं की येतो तसा, आणि मागून लोण्यासारखा. ती मान डोलवत होती. मग तिने एका बाटलीचं झाकण काढलं, हुंगलं. थांबली. परत हुंगलं.

"आजी, हा तोच ना? फडक्याचा? आणि मागे लोणी. ही तिसऱ्या टाकीच्या बेंडाजवळची आहे, आज सकाळची."

बाटली माझ्या नाकाखाली धरली. मला काचेचा गारवा लागला. बाकी काही नाही.

तिला बरोबर आला होता वास. तिच्या तोंडावरूनच कळत होतं, नव्याने काही समजलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मी म्हणाले, "भास आहे तुझा. मनात घेऊन बसलीस की सगळीकडे तोच येतो."

"असेल," म्हणाली. बाटली बंद केली. "मला वाटलं आला."

१४ मार्च

कालचं वाचलं. पान फाडणार होते. ठेवलं.

१७ मार्च

साहेबांनी पोरीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सामान काय, दोन पेनं, एक डबा, खुर्चीवरची उशी. जाताना माझ्याकडे आली. "आजी, येते. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

त्रास. मला.

बॉयलरवाला म्हणाला, "बघा, तुमच्या नाकाने लॅबलाच धुऊन काढलं." दोघी-तिघी हसल्या. मी पण हसले. ते हसणं घरी येईपर्यंत तोंडावर चिकटून होतं, हात फिरवून काढलं.

१९ मार्च

सुनेने सकाळी चहा दिला. प्यायले. पेला खाली ठेवला तशी म्हणाली, "आई, नासक्या दुधाचा होता तो. मी एक घोट घेऊन ओतून दिला माझा. तुम्ही पूर्ण प्यायलात. कधीपासून?"

सासूला नासका चहा पाजणारी सून — शिव्या तोंडात तयार होत्या. पण ती दारात अशी उभी होती, हात कमरेवर नव्हते, खाली लोंबत होते. सांगितलं तिला. सगळंच सांगितलं, पोरीचं पण.

ती कळवळली वगैरे नाही. तिचं ते एक बरं आहे. म्हणाली, "गॅसची नळी आज बदलून घेते. तुम्ही एकट्या असताना शेगडी पेटवायची नाही." मग पेला उचलला. "आणि कामावर?"

"काय कामावर?"

"माझ्याकडे काय बघता? मला काय, चहाच ओतायचा होता."

२० मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांच्या खोलीत, उभ्याने. एकवीस वर्षांत त्या खोलीत मी फक्त फरशी पुसली होती.

साहेब उठले, आधी दार लावलं. "आजी, हळू बोला. ऑक्टोबरपासून? आणि आज सांगता?" डोकं धरून बसले. मग म्हणाले, "त्या मुलीचा कागद वर गेलाय. त्यावर माझी सही आहे. आता मी काय लिहू — म्हातारीला वास येत नव्हता म्हणून?"

मी म्हणाले, "बेंड उघडा. मग काय लिहायचं ते बघू."

"बेंड उघडतो. पण हे तुमच्या-माझ्यात."

"आणि पोरगी?"

"बघू."

"बघू नका साहेब. बोलवा तिला. नाही तर चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगते."

धमकी मोठी वाटते लिहिताना. खरं म्हणजे, सगळ्यांना सांगायला लागू नये म्हणूनच मी बंद दाराआड गेले होते. बोलवतो म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. लाज आधी त्या हायसं वाटण्याची वाटते.

२१ मार्च

बेंड उघडला. चौघांनी बोल्ट सोडले, झाकण सरकवलं आणि चौघेही तोंड फिरवून मागे पळाले. एकाला उमासे आले. मी हात घातला. आत बोटभर जाड थर, भिजून वितळलेल्या साबणाच्या वडीसारखा. रबराच्या रिंगेमागे तर गोळाच. एवढा माझ्या आयुष्यात बघितला नव्हता. कारण एवढा मी कधी होऊच दिला नव्हता.

खरवडत बसले. बॉयलरवाला रुमालाआडून म्हणाला, "मानलं आजी. आम्हाला उभं राहवेना आणि तुम्ही खुशाल हात घालून बसलात."

आणि साहेब सगळ्यांना म्हणाले, "आजींनीच सांगितलं होतं उघडायला. काल वास आला त्यांना."

बारावी वेळ धरली लोकांनी. मी मान खाली घालून ब्रश चालवत राहिले. एकदाही म्हणाले नाही की असं नाही.

२४ मार्च

पोरगी परत आली. साहेबांनी तिला "पुन्हा एक संधी देतो" म्हणून बोलवलं. तिला संधी! लांबून हात केला मला. मी बादली भरायला वळले. बादली भरलेलीच होती.

मनाला सांगते आहे, झालं ना तिचं काम परत? झालं तर मग. पुरे.

मन ऐकत नाही. माझ्यावरच गेलंय.

२७ मार्च

पोरगी आली, हातात पहिल्या टाकीची प्लेट. म्हणाली, "आजी, मला यात ठिपके दिसतात. तुम्ही एकदा टाकीचा वास घेता का? मग वहीत लिहायचं की नाही ते ठरवते."

"दिसतात तर लिही की."

"पहिल्या आणि चौथ्या टाकीत जानेवारीपासून दिसतात. तेव्हाही तुम्ही स्वच्छ म्हणाला होतात, म्हणून माझीच चूक धरून मी त्या प्लेटा टाकून दिल्या. कुठे लिहिल्या नाहीत."

मला वाटत होतं मी तिची नोकरी घालवली होती. ती तर परत मिळाली, पण डोळ्यांना दिसलेलं ती अजून माझ्या नाकाला विचारत होती.

चहाच्या वेळी उठून उभी राहिले. साहेब दारातून हाताने खुणावत होते, खाली बसा. मी म्हणाले, "मला वास येत नाही. ऑक्टोबरपासून. तिसरीचा मला कळला नव्हता, हिला कळला होता. पहिली आणि चौथी पण सडल्या आहेत. आजपासून मला विचारू नका. हिला विचारा."